तीन वर्षं निकाल नाही

आजवर किती माणसांना तुम्ही पहिल्याच दिवशी नापास केलंत? ऑफिसात नवा आलेला अकाउंटंट, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेलं बिऱ्हाड, भावाने लग्न करून आणलेली मुलगी. नाव नीट कळायच्या आत निकाल लावलात की नाही? 'हा चालणार नाही.' 'ही टिकणार नाही.' खरं सांगा.

युसूफचाचा, हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्ही कुणाला नापास करत नव्हता, असं मी गेल्या शुक्रवारपर्यंत समजत होते. तेही चूक निघालं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तुम्हाला इथे बहरैनला, मनामातल्या कब्रस्तानात नेलं तेव्हा मी बाहेर रस्त्यावर आपल्या शुक्रवारच्या कंपूतल्या सुहासकाकांच्या गाडीजवळ उभी होते. बायका आत जात नाहीत हे चाचींनी मला घरीच सांगितलं होतं, आणि डोळे पुसता पुसता वर म्हणाल्या होत्या, "तिथं उभी राहून पत्रकं वाटू नको हां." मी वाटली नाहीत. पण पर्समध्ये एक पत्रक होतं, चाचा. एकच प्रत. ती तुम्हाला वाचून दाखवायची होती. सलमानिया हॉस्पिटलच्या वॉर्डात दोनदा पर्स उघडली आणि दोन्ही वेळा बंद केली.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. दापोलीजवळच्या गावातून आलेला, झेडपीच्या शाळेत मराठी शिकलेला हा माणूस जुफैरमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात सेल्समन होता. जवळच अमेरिकन नौदलाचा तळ, त्यामुळे गिऱ्हाइकं बरीचशी अमेरिकन. त्यांना लांबुळके चेंडू विकता विकता चाचा त्यांचा फुटबॉल शिकले, आणि एक टीम धरून बसले. टीमचं नाव इथे लिहीत नाही, आमच्यातही कुणी घेत नव्हतं. आम्ही रंगाने ओळखायचो. सुहासकाकांची निळी, माझी लाल, आणि चाचांची नारिंगी, जी वर्षानुवर्षं हरत होती. एवढ्या टीम असताना हीच का, असं विचारलं की म्हणायचे, "जिंकणाऱ्याला माझी काय गरज गो?"

त्या खेळात दर वर्षी ड्राफ्ट होतो. कॉलेजातून आलेले नवे खेळाडू सगळ्या टीम पाळीपाळीने निवडून घेतात, आणि आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात शेवटी आली तिची पाळी पहिली. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट असते. पण पहाटे उठून बघणं तुम्हाला मान्य नव्हतं. "झोप मोडून भांडण चांगलं होत नाय." म्हणून सकाळी आठला सगळे जनाबियाला सुहासकाकांच्या घरी जमायचे आणि रेकॉर्डिंग बघायचे. निकाल आधी कळू नये म्हणून दारातच सगळ्यांचे फोन बंद करून तुमच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. चाचींनी दिलेलं घावण्याचं पीठ स्वयंपाकघरात, डबा तुमच्या मांडीवर.

त्या डब्याच्या तळाशी पाकिटं असायची. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, आपल्या टीमने कुणाला घ्यावं. पाकीट बंद करायचं, वर तीन वर्षांनंतरचा शुक्रवार लिहायचा. तोपर्यंत ते उघडायचं नाही, आणि निवडून आलेल्या खेळाडूला 'फुकट गेला' म्हणायचं नाही. तीन वर्षं निकाल नाही. जो म्हणेल त्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. जगातला कुठलाही फॅन असा नियम पाळत नसेल. फॅनचा तर जन्मच निकाल लावायला असतो. तुम्ही नऊ फॅनना हे पाळायला लावलंत.

मी त्यात तीन वर्षांपूर्वी आले. माझी ओळख वाचणाऱ्यांना एका ओळीत देते: मी बहरैनमध्ये वाढले, शाळा इंग्रजी, आणि मराठी वाचायला शिकले ती आईच्या पत्रकांवरून. आई पुण्यात कॉलेजात असताना कामगार मोर्चांची पत्रकं लिहायची, लग्नानंतर त्यांचा गठ्ठा सुटकेसमध्ये घालून इथे घेऊन आली. घरात मराठीची दुसरी पुस्तकं फार नव्हती. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'निषेध' वाचता येत होतं. अशी मुलगी फुटबॉलच्या गप्पांत आली तर काय होणार?

पहिल्याच सकाळी महेशदादा, जो बँकेत आहे आणि आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा, मला बघून सुहासकाकांना म्हणाला, "काका, हे आपलं शुक्रवारचं आहे हो. आता काय, शिव्यासुद्धा विचारून द्यायच्या?"

"तू शिव्या दे, मी शुद्धलेखन तपासते," मी म्हणाले.

"बघा! सुरू झालं! ही महिनाभर टिकली तर मी मिशा काढीन."

तुम्ही डब्यात फोन रचत होता. वर न बघता म्हणालात, "महेश, नवीन खेळाडू हाय. तीन वर्षं निकाल नाय. आणि भांडी तुझी."

महेशदादाने त्या दिवशी भांडी घासली. पण त्याआधी आणखी एक गोंधळ झाला. सगळे फोन डब्यात, पण सुहासकाकांचं नवं इंटरनेटवालं घड्याळ मनगटावरच राहिलं होतं, आणि ते बरोबर पहिल्या निवडीच्या आधी थरथरलं. काकांनी सवयीने बघितलं. त्यांचा चेहराच सांगत होता. "काका, तोंड फिरवा! भिंतीकडे!" सगळे ओरडले. पहिली निवड जाहीर होईपर्यंत पन्नाशीचे सीनियर इंजिनियर स्वतःच्याच हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि घड्याळ तुम्ही नेऊन फ्रीजमध्ये ठेवलं.

पहिली निवड नारिंगी टीमची होती. सगळ्यांना माहीत होतं त्यांना कोण हवा: क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, ज्याचा फोटो छापला जातो. कॉलेजातून आलेला त्या वर्षीचा क्वार्टरबॅक असा होता की महेशदादा त्याच्या फेकीचे व्हिडिओ बँकेच्या मीटिंगमध्ये बघायचा. आणि तुमच्या टीमने घेतला कोण? लाइनमन. ज्याच्या हातात जन्मात चेंडू येत नाही असा एक अवाढव्य माणूस, ज्याचं काम फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवणं.

"लाइनमन?" सुहासकाका भिंतीकडून वळून म्हणाले. "खांबावर चढवणार आहेत का त्याला?"

"खलास!" महेशदादाने कपाळावर हात मारला. "चाचा, तुमच्या टीमचं आणखी दहा वर्षं खलास. तुम्ही दुकानातून त्यांना एक मेंदू पार्सल करा."

हसण्याचा एवढा गदारोळ झाला. मीही हसले, चाचा. नवीन होते, हसण्यात सामील व्हायची घाई होती. तुम्ही घावण्याचा तुकडा रसात बुडवून खाल्लात, बोटं पुसलीत आणि म्हणालात, "निवडला ना? मग आता आपला."

पुढच्या शुक्रवारी मी पत्रक काढलं. खरंखुरं, फोटोकॉपी करून, दहा प्रती. 'नारिंगी टीमच्या ऐतिहासिक मूर्खपणाचा जाहीर निषेध.' चार कलमं होती. तिसऱ्या कलमात मी लिहिलं होतं की ज्याला चेंडू कधी मिळणारच नाही अशा माणसावर पहिली निवड घालवणं म्हणजे वाड्याच्या पायाभरणीत हिरे पुरणं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. महेशदादाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला 'आपली' म्हणाला.

तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलंत. कागदाची घडी घातलीत.

"पत्रकवाली," तुम्ही म्हणालात. तेव्हापासून हेच नाव पडलं. "तू कामगारांची पत्रकं वाचून मोठी झालीस ना?"

"हो. मग?"

"ज्याचा फोटो येत नाय, ज्याच्या हाताला चेंडू लागत नाय, जो दिवसभर दुसऱ्यासाठी अंगावर झेलतो, त्याला पयल्या नंबरावर निवडला. आख्ख्या देशासमोर. आणि तू हसतेस?"

मी उरलेल्या प्रती गोळा करायला लागले. 

"भांडी," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी घासताना मी ठरवलं होतं की परत इथे येणार नाही. चूक कळली म्हणून नव्हे, सगळ्यांसमोर कळली म्हणून. गुरुवारी तुमचा फोन आला. "उद्या येतेस ना?" मी म्हणाले, गाडी नाहीये, आईला हवी आहे. खोटं होतं. शुक्रवारी साडेसातला खाली हॉर्न वाजला. मुहर्रकमधल्या घरून तुम्ही तुमच्या जुन्या गाडीतून जनाबियाच्या उलट्या दिशेने आला होतात. "यल्ला, चल," एवढंच म्हणालात.

त्यानंतर तीन वर्षं दर गुरुवारी फोन. हंगाम असो नसो. उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेलात तरी तिथून. "उद्या जातेस ना? माझ्या जागेवर बस. महेशला बसू देऊ नको, तो खुर्ची मोडतो."

आणि तीन वर्षं तुम्ही त्या लाइनमनच्या बाजूने भांडलात. पहिल्या वर्षी नारिंगी टीम पुन्हा शेवटून दुसरी आली, तुम्ही म्हणालात, दोन वर्षं बाकी आहेत. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. त्याला ढकलगाडीवरून नेताना दाखवलं तेव्हा महेशदादाने तोंड उघडलं, तुम्ही नुसतं बेसिनकडे बोट दाखवलंत, त्याने तोंड मिटलं. तिकडे तो फेकणारा दुसऱ्या टीममध्ये गाजत होता. आम्हाला वाटायचं, चाचांनी आधीच ओळखलं होतं. पाकिटात त्यांनी त्या लाइनमनचंच नाव लिहिलं असणार, म्हणून एवढा हट्ट. सुहासकाका तर सगळ्यांना सांगायचे, "चाचांची नजर! दुकानात माणूस दारातून आत येईपर्यंत बुटाचा नंबर ओळखतात."

आपलं दुसरं भांडण जास्त खोल होतं आणि ते मी अजून सोडलेलं नाही. ड्राफ्ट हा माणसांचा बाजार आहे, असं मी म्हणायचे. कोण कुठल्या गावात जाणार, कुणासाठी खेळणार, हे दुसरे ठरवणार आणि खेळाडूने टोपी घालून हसत फोटो काढायचा. तुम्ही म्हणायचात, पण सगळ्यात कमजोर असतो त्याला पहिलं घेऊ देतात, असं जगात दुसरीकडे कुठे बघितलंस? शाळेत? ऑफिसात? पाण्याच्या रांगेत?

एकदा या वादात तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. मुंबईला एजंटच्या ऑफिसात उभे केलेले नऊ जण, हवे होते आठ. "हात दाखवा, वजन उचला, चाला. मी नववा. एकाला ताप आला म्हणून मी इथं." इथे पहिल्या आठवड्यातच सुपरवायजरने तुमच्याकडे बघून म्हटलं होतं, मफी फायदा. काही उपयोगाचा नाही. खोलीत रायगडचा एक वयस्क माणूस होता, त्याने तुमची पेटी स्वतःच्या खाटेखाली सरकवली आणि म्हणाला, "आला ना? मग आता आपला."

"बघा!" मी ओरडले होते. "तुम्हीच सांगताय की तो बाजार होता!"

"बाजारच होता," तुम्ही म्हणालात. "मी नाय कुठं म्हटलं?"

सलमानियाच्या वॉर्डात शेवटचं भेटलो तेव्हाही आपण हेच भांडत होतो. शेजारच्या खाटेवरचे केरळी काका कुठली मॅच आहे म्हणून बघत होते. मी म्हणाले, "चाचा, कमजोर टीमला पहिलं घेऊ देतात, म्हणजे कमजोर मालकाला. कमजोर माणसाला नाही. ज्याला घेतात त्याला कोण विचारतं?"

तुम्ही उशी सरकवून थोडे वर बसलात. 

"हां," तुम्ही म्हणालात. "हे बरोबर बोललीस. याचा विचार करायला पायजे. शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी ड्राफ्ट होता. मी जिंकले होते, चाचा, आणि पर्समध्ये माझं पत्रक मागे घेतल्याचं पत्रक होतं. जिंकल्यावर ते वाचणं शोभलं असतं. पण मी म्हटलं, शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचू. बुधवारी तुम्ही गेलात.

त्या शुक्रवारी आम्ही जमलो नाही. पण ऐका, हे तुम्हाला सांगायचंच आहे. कुणी कुणाला काही न सांगता आम्ही नऊही जणांनी आठ दिवस ड्राफ्टचा निकाल कानावर येऊ दिला नाही. महेशदादाने बँकेत जेवायला एकट्याने बसायला सुरुवात केली. सुहासकाकांनी ते घड्याळ पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं. मी फोनवरून बातम्याच काढून टाकल्या, आणि मला तर बातम्या नसल्या की श्वास लागतो. हरणाऱ्या टीमवर जीव लावणाऱ्या एका सेल्समनसाठी नऊ माणसांनी आठ दिवस स्वतःला आंधळं करून घेतलं. याहून मोठा मान मी कुणाला मिळालेला पाहिलेला नाही.

गेल्या गुरुवारी चाचींचा फोन आला. इद्दत आहे, नवरा गेल्यावर पाळायचा काळ, त्या घराबाहेर पडणार नव्हत्या. "डबा घेऊन जा. पीठ पण घेऊन जा. घावणे तुमचे तुम्ही घाला." मग म्हणाल्या, "उद्या जातेस ना? त्यांनी विचारलं असतं म्हणून विचारते."

शुक्रवारी महेशदादाने घावणे घातले. एकही अख्खा निघाला नाही. आम्ही तुकडे खाल्ले. मग रेकॉर्डिंग लावण्याआधी तीन वर्षांपूर्वीची पाकिटं उघडली. सगळ्यात शेवटी तुमचं, सुहासकाकांनी. तुमचं ते सुटं सुटं मराठी अक्षर. त्यांनी वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

तुम्ही त्या क्वार्टरबॅकचं नाव लिहिलं होतं.

"म्हणजे?" महेशदादा म्हणाला. "चाचांनाही तो लाइनमन नको होता?"

सुहासकाकांनी कागद त्याच्या हातात दिला.

"तीन वर्षं माझ्याशी भांडले! मी म्हणत होतो तेच त्यांना वाटत होतं, आणि तीन वर्षं मला भांडी घासायला लावली?" तो हसायला लागला आणि हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ नळ चालू होता.

डब्यात आणखी एक पाकीट होतं. तारीख तीच, अक्षरही तुमचंच. टीमच्या रंगाच्या जागी सुरुवातीला 'नवीन मुलगी' लिहिलेलं, ते खोडून नंतर 'पत्रकवाली'. आत एवढंच: 'चार शुक्रवार. फार तर पाच. फार भांडते.'

चाचा! तुम्हीसुद्धा!

मी आधी हसले. मग गुरुवार मोजायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. तुमचं मत महेशदादापेक्षा वेगळं नव्हतं. त्याने महिना दिला होता, तुम्हीही तेवढाच. फरक एवढाच की त्याने ते मला ऐकवलं, आणि तुम्ही ते पाकिटात बंद केलंत आणि मग ते खोटं ठरावं म्हणून मुहर्रकहून उलट्या दिशेने गाडी चालवलीत.

मी तुम्हाला मोठ्या नजरेचा माणूस समजत होते. तुमची नजर आमच्यासारखीच होती. तुम्हीही त्या लाइनमनला नाकारलंत आणि मला नापास केलंत, दोन्ही लिहून, वर तारीख घालून. मला आता तुमचा जास्त अभिमान वाटतो. ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याच्यासाठी कुणीही भांडेल.

शुक्रवारचं उत्तरही मला मिळालं, असं मी धरते. ज्याला निवडतात त्याला कुणी विचारत नाही. म्हणूनच तो ज्यांच्यात येऊन पडतो त्यांच्यावर जबाबदारी येते. माझा मुद्दा मी सोडलेला नाही, हे नोंदवून ठेवते. माणसाला 'नाही' म्हणायचा हक्क हवाच, खेळाडूला हवा आणि आठव्या जागेवर उभ्या केलेल्या नवव्यालाही. त्यासाठी मी पत्रकं काढत राहीन. पण तो हक्क मिळेपर्यंत कुणीतरी त्याची पेटी आपल्या खाटेखाली सरकवायला हवी. ते काम तुम्ही आयुष्यभर केलंत.

लाइनमनचा निकाल? तिसऱ्या वर्षी तो परत उभा राहिला. नारिंगी टीम मधोमध आली. महान नाही, फुकटही नाही. त्याच्या मागचा फेकणारा आता सलग सगळे सामने खेळतो, एवढं मात्र झालं.

पर्समधलं पत्रक आता इथे छापते. 'नारिंगी टीमच्या निवडीविरुद्ध काढलेलं पत्रक मी चारही कलमांसह मागे घेत आहे. तिसऱ्या कलमाची मला लाज वाटते. पाया हीच हिरे पुरण्याची जागा आहे.' खाली माझी सही आहे. उशीर झाला, चाचा. भांडी मी घासली.

आता वाचणाऱ्यांनो, तुम्हाला मागणी. या आठवड्यात तुमच्यात जो कुणी नवा आला असेल, ऑफिसात, इमारतीत, घरात, त्याच्याबद्दल तुमचं जे काय मत झालं असेल ते कागदावर खरं खरं लिहा. पाकीट बंद करा. वर तीन वर्षांनंतरचा शुक्रवार लिहा आणि एखाद्या पत्र्याच्या डब्यात टाका. मत बदलायला मी सांगत नाही. फक्त ते डब्यात राहू द्या.

आणि येत्या गुरुवारी त्या माणसाला फोन करून विचारा: "उद्या येतोस ना?"